रेषेचा आलेख: आधी तक्ता की आधी चढ?

फळाखडू
मी आठवी-नववीला गणित शिकवते. परवा नववीत य = २क्ष + १ चा आलेख काढायला दिला होता. एका मुलीने नीट तक्ता केला, (०, १), (१, ३), (२, ५) हे बिंदू मांडले, पट्टीने रेषा ओढली, दोन्ही टोकांना बाण काढले, वरच्या कोपऱ्यात प्रमाणही लिहिलं. एक चूक नाही. मी विचारलं, "समीकरणातला हा २ आलेखात कुठे दिसतो गं?" तिने रेषेशेजारी स्वतःच लिहिलेल्या समीकरणातल्या २ वर बोट ठेवलं.

तेव्हापासून चैन नाही. क्ष मानायचा, य काढायचा, टिंबं द्यायची, जोडायची, हे मुलांना येतं. पण एक घर उजवीकडे गेलं की दोन घरं वर चढायचं, आणि हे रेषेवर कुठेही उभं राहिलं तरी तसंच, हा रेषेचा चढ त्यांच्या नजरेला पडतच नाही. राज्य मंडळाच्या पुस्तकांत आठवीला चलन (एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते), नववीला निर्देशक भूमिती आणि रेषेचा चढ थेट दहावीच्या भूमितीत. तोवर हात तक्त्याला सरावलेला असतो. माझं मत: चढ आठवीतच समचलनाला (एक दुप्पट झालं की दुसरंही दुप्पट) जोडून यावा, तक्ता त्यानंतर.

जुनी पट्टी
बाई, दुखणं खरं आहे, औषध पटत नाही. रेषेवरचा प्रत्येक बिंदू समीकरणात बसतो आणि समीकरणात बसणारा प्रत्येक बिंदू रेषेवर असतो, हा या धड्याचा गाभा, आणि तो तक्त्यातूनच कळतो.

२क्ष + ३य = १२ घ्या. चढ −२/३. आठवीच्या पोराला उणे आणि अपूर्णांक एकदम. तीन उजवीकडे आणि दोन खाली, की दोन उजवीकडे आणि तीन खाली? निम्मा वर्ग चुकेल. त्यापेक्षा क्ष शून्य ठेवा, य ४ येतो. य शून्य ठेवा, क्ष ६ येतो. रेषा तयार, तिसरा बिंदू (३, २) पडताळ्याला. हा तिसरा बिंदू मुलांना फुकटची मेहनत वाटतो, पण तो राखणदार आहे. क्ष + य = ५ मध्ये क्ष = −२ घेतला की हमखास कुणीतरी य = ३ लिहितं, ७ नाही. (०, ५) आणि (१, ४) बरोबर असतात, तिसरं टिंब पट्टीबाहेर पडतं आणि पोरगं स्वतःच खोडरबर उचलतं. आणि क्ष = ४ या उभ्या रेषेला चढ कुठला सांगणार?

परदेशी पाटी
सरांच्या बाजूने माझंही मत. आम्ही न्यू जर्सीत असतो, इथे आठवीतच चढ शिकवतात. लेक फटाफट रेषा काढते. पण (२, ५) हा बिंदू ३क्ष − य = १ वर आहे का, असं विचारलं तर तिने आधी समीकरण उलटसुलट करून य एकीकडे आणला, मग आलेख काढायला घेतला. किमती घालून बघायचं तिला सुचलंच नाही. सहातून पाच गेले, एक उरला, इतकंच तर होतं.

मीटर डाउन
मी बाईंच्या बाजूचा. मुंबईत फेब्रुवारी २०२५ मध्ये रिक्षाचं भाडं वाढलं. पहिल्या दीड किलोमीटरला २३ चे २६ रुपये झाले, पुढे किलोमीटरमागे १५.३३ चे १७.१४. मुलाला एकाच आलेख कागदावर दोन्ही दर काढायला लावले. दीडपर्यंत आडवी रेषा, मग वर. तोच म्हणाला, "बाबा, नवी जास्त उभी आहे, म्हणजे लांब जाणाऱ्याला जास्त फटका." चढ हा शब्द त्याने ऐकलेला नव्हता. सातवीत आहे.

जुनी पट्टी
सुंदर उदाहरण. पण दोन्ही रेषा एकाच कागदावर होत्या म्हणून जमलं. य-अक्षावर १ सेंमीला १० रुपये धरले की रेषा झोपते, ५ धरले की उठते. भाडं तेच. म्हणून नुसती घरं मोजायला शिकवू नका.

फळाखडू
हे मला सुचलं नव्हतं, सर. माझी "एक घर उजवीकडे, दोन घरं वर" ही भाषा दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं असेल तरच चालते. घरं नाही, एककं म्हणायला हवं.

होम सिग्नल
रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून निवृत्त झालोय. तिथला आलेख सांगतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर स्थानकं. धावती गाडी म्हणजे तिरकी रेषा, थांबली की आडवी. वेग जास्त तितकी रेषा उभी, आणि समोरून येणारी गाडी उलट्या चढाची. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग आजही एकेरी आहे. अशा मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांच्या रेषा स्थानकाच्या ओळीवरच छेदायला हव्यात, मध्ये छेदल्या तर वेळापत्रकच चुकलं. दहावीत मुलं दोन रेषांचा छेदनबिंदू काढतात ना, तो हाच. नवीन माणसाला आम्ही आधी वेळा वाचून टिंबंच द्यायला लावायचो. चार-सहा आठवड्यांनी तो रेषेचा कल बघून गाडी रेंगाळतेय हे ओळखायचा. टिंबांशिवाय तिथवर पोचलेला कुणी मी पाहिला नाही, बाई.

फळाखडू
काका, वर्गात हे नक्की सांगेन. तक्ता आधी, मान्य. पण चढासाठी दहावीपर्यंत थांबणं मला अजूनही मान्य नाही. सोमवारी आठवीला तक्त्याखाली एक ओळ वाढवते: य कितीने वाढला. १, ३, ५ च्या खाली २, २.

जुनी पट्टी
हे चालेल. फक्त क्ष ला ०, १, २ देऊ नका, ०, १, ४ द्या. य येईल १, ३, ९. खालच्या ओळीत २ आणि ६. त्या ६ ला ३ ने भागायचं कुणाला आपणहून सुचतं का, ते बघा आणि इथे कळवा.