अठराव्या वर्षीचा करार: ‘स्नेल मेल’च्या वाटचालीत घाई झाली का?

कडेचा श्रोता (धागाकर्ता)

लिंडसी जॉर्डन हे नाव ज्यांच्या परिचयाचे नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. जन्म जून १९९९ चा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या उपनगरात, एलिकॉट सिटी येथे ती लहानाची मोठी झाली आणि पाचव्या वर्षापासून गिटार शिकली. ती ‘स्नेल मेल’ या नावाने गाते. हे नाव बँडचे वाटले, तरी गाणी तिचीच असतात. २०१६ मध्ये ती शाळेत असतानाच तिची ‘हॅबिट’ ही सहा गाण्यांची ईपी (अल्बमपेक्षा छोटा गाण्यांचा संच) ‘सिस्टर पॉलिगॉन’ने काढली. वॉशिंग्टनच्या ‘प्रीस्ट्स’ या पंक बँडच्या मंडळींनी चालवलेले हे अगदी छोटे लेबल, म्हणजे ध्वनिमुद्रण कंपनी, होते. २०१७ मध्ये शाळा संपली, त्याच वर्षी ‘मॅटाडोर’ या मोठ्या लेबलशी करार झाला, आणि ८ जून २०१८ रोजी ‘लश’ हा पहिला पूर्ण अल्बम आला. तेव्हा तिला एकोणीस पूर्ण व्हायला आठवडाभर बाकी होता.

माझे मत असे की हे सारे दोन-तीन वर्षे लवकर घडले. ‘लश’ मला मनापासून आवडतो, त्यामुळे तक्रार अल्बमच्या दर्जाची नाही. पण पुढचा ‘व्हॅलेंटाइन’ यायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात काही आठवडे उपचार केंद्रात काढावे लागल्याचे तिने स्वतःच मुलाखतींत सांगितले आहे, आणि दुसरा अल्बम बाजारात येतो न येतो तोच स्वरतंतूंवर मोठ्या गाठी आढळल्यामुळे सगळा दौरा पुढे ढकलून शस्त्रक्रिया करावी लागली. बाविसाव्या वर्षी हे एवढे!

याच लेबलवरच्या ‘कार सीट हेडरेस्ट’च्या विल टोलेडोकडे पाहा. घरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तो गाडीत बसून गाणी मुद्रित करायचा, बँडचे नावही त्यातूनच आले. मॅटाडोरने २०१५ मध्ये त्याला घेतले, तोपर्यंत त्याने सुमारे डझनभर अल्बम स्वतःच बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर टाकले होते. त्यातले बरेचसे कच्चे आहेत, पण ते कच्चेपण कोणाच्या फारसे नजरेत न येता पार पडले. जॉर्डनला ही मुभा मिळाली नाही.

सहा तारा

पूर्ण असहमत. पाचव्या वर्षी गिटार हातात घेतलेली मुलगी अठराव्या वर्षी अल्बम काढते, तेव्हा तिच्यामागे तेरा वर्षांचा रियाज असतो. शिवाय ‘हीलियम’ आणि ‘एक्स हेक्स’ या बँडांच्या मेरी टिमोनीकडे तिने गिटारचे धडे घेतले, म्हणजे तालीम ज्यांनी द्यायला हवी त्यांच्याकडूनच मिळाली. तिच्या वादनात जे एक विचित्र मोकळेपण आहे, म्हणजे ठरलेल्या कॉर्डऐवजी वेगळ्या सुरांत लावलेल्या तारांवर चाल उलगडत जाते, ते दोन-तीन वर्षे जास्त थांबल्याने आले असते असे मला वाटत नाही. ते आधीच आलेले होते.

आता ‘स्टिक’ हे एकच गाणे घ्या. ते ‘हॅबिट’वर आहे आणि ‘लश’वरही आहे. आधीच्या मुद्रणात सगळी वाद्ये एकाच खोलीत कोंबल्यासारखी वाटतात आणि गायिकेचा आवाज त्यांत निम्मा बुडालेला आहे. नंतरच्या मुद्रणात निर्माता जेक अॅरनने तोच आवाज पुढे आणला, गिटारभोवती मोकळी जागा ठेवली, आणि शब्द संपल्यावरही गाणे श्वास धरून उभे राहते. घाईत असलेला माणूस पहिल्याच अल्बमवर जुने गाणे पुन्हा घडवत बसेल का? योगायोग असा की तुमच्या टोलेडोनेही २०१८ मध्येच, एकोणिसाव्या वर्षी केलेला ‘ट्विन फँटसी’ संपूर्ण नव्याने मुद्रित करून काढला. दोघांनीही आपले कच्चेपण जगासमोर दुरुस्त केले. मग एकाची घाई आणि दुसऱ्याचा संयम, हे कसे?

हिशेबनीस

‘मॅटाडोर’ म्हणजे कोणी राक्षस असल्यासारखे वर लिहिले गेले आहे. १९८९ पासून चालत आलेले हे स्वतंत्र लेबल आहे. ‘पेव्हमेंट’ या बँडला आणि गायिका लिझ फेअरला त्यानेच पुढे आणले. फेअरचा पहिला अल्बम १९९३ मध्ये याच लेबलने काढला, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. माझा मुद्दा मात्र पैशांचा आहे, तो कंटाळवाणा वाटला तरी वाचावा.

करारासोबत मिळणारी आगाऊ रक्कम हे बक्षीस नसते. विक्री आणि स्ट्रीमिंगमधून कलाकाराच्या वाट्याला जे येते, त्यातून ती आधी वळती होते आणि मगच रॉयल्टीचा पहिला डॉलर हातात पडतो. त्यामुळे या थरातल्या कलाकाराचे खरे पोट दौऱ्यांवर आणि तिथे विकल्या जाणाऱ्या टी-शर्ट व तबकड्यांवर चालते. त्या मिळकतीतूनही व्यवस्थापकाचे साधारण पंधरा ते वीस टक्के, कार्यक्रम ठरवणाऱ्या एजंटचे दहा टक्के, साथीदारांचे मानधन, गाडी, इंधन, मुक्काम हे सगळे वजा होते. म्हणजेच घसा बसला म्हणून कार्यक्रम रद्द केला, तर मिळकत थांबते आणि देणी मात्र चालूच राहतात. धागाकर्त्याला जी घाई दिसते, ती बहुधा या गणितातली आहे. जन्मतारखेशी तिचा संबंध फार थोडा.

आणि उलट बाजूही पाहा. दोन अल्बमांमध्ये जवळजवळ साडेतीन वर्षे गेली, ती लेबलने जाऊ दिली. ‘सिस्टर पॉलिगॉन’सारख्या प्रेमाने चालवलेल्या, पण हातात पैसा नसलेल्या लेबलला तिला एवढा वेळ पोसणे जमले असते का? थांबायलाही भांडवल लागते.

खर्ज

स्वरतंतूंच्या गाठींचा संबंध थेट कमी वयाशी जोडणे मला पटले नाही. अशा गाठी आवाजावरच्या ताणातून होतात आणि त्या कोणालाही होतात. अॅडेलवर २०११ मध्ये बॉस्टनला स्वरतंतूंची शस्त्रक्रिया झाली, तिचे कार्यक्रमही रद्द झाले, आणि तिच्यामागे तर या क्षेत्रातली सगळी साधने उभी होती.

मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे. इंडी रॉकच्या, म्हणजे छोट्या स्वतंत्र लेबलांवरच्या रॉकच्या जगात बोटांची तालीम मान्य आहे. टिमोनीकडे शिकलो असे अभिमानाने सांगता येते. गळ्याची तालीम मात्र जवळजवळ लपवण्याची बाब ठरते, कारण न घडवलेला आवाज म्हणजे प्रामाणिक आवाज अशी इथल्या श्रोत्यांची समजूत आहे. ‘लश’वरचे ‘प्रिस्टीन’ ऐका. कडव्यांत ती बोलल्यासारखी सैल गाते, आणि ध्रुवपदाला आवाज वरच्या पट्टीत अक्षरशः फेकते. तो किंचित चिरतो, आणि तो चिरणारा क्षणच आपल्याला आवडतो, समीक्षकांनाही आवडला. आता तेच चिरणे आठवड्यातून पाच रात्री, धुराने आणि गोंगाटाने भरलेल्या क्लबमध्ये, स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू येत नसताना करायचे आहे असे समजा. तेरा वर्षे गिटारच्या शिक्षकांपुढे बसलेल्या मुलीला गळा कसा वापरावा हे शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जाऊन शिकावे लागत असेल, तर त्यात आपण श्रोतेही सामील आहोत.

मधला स्तंभ

एवढेच म्हणतो, की ‘करिअर’ म्हणजे दर दोन वर्षांनी एक अल्बम हे कोणी ठरवले? २०२३ मध्ये तिने ‘व्हॅलेंटाइन’च्या डेमोंची (कच्च्या मुद्रणांची) ईपी काढली, २०२४ मध्ये जेन शोएनब्रून यांच्या ‘आय सॉ द टीव्ही ग्लो’ या चित्रपटात भूमिका केली. ती व्यवस्थित काम करते आहे. काळजी आपणच करत बसलो आहोत.

कडेचा श्रोता (धागाकर्ता)

‘खर्ज’ यांचा प्रतिसाद वाचून दोन्ही अल्बम पुन्हा लागोपाठ ऐकले. अॅडेलचे उदाहरण मान्य. गाठींचे कारण वय, हा माझा तर्क ढिला होता.

तरीही ‘व्हॅलेंटाइन’चे शीर्षकगीत ऐकताना माझे मूळ मत अधिकच पक्के झाले. सुरुवातीला मंद सिंथेसायझर आहे, आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ कुजबुज. मग ध्रुवपदात एकदम स्फोट होतो. सहनिर्माता ब्रॅड कुकच्या साथीने रचलेली ही योजना उत्तम आहे, परंतु आधीच दमलेल्या गळ्याकडून ती काय मागते याचा विचार कोणी केला होता? त्याच अल्बमवर ‘लाइट ब्लू’ आणि ‘मिया’ अशी तंतुवाद्यांच्या साथीने हलकेच गायलेली गाणी आहेत. ती या स्वभावाला अधिक मानवतात असे मला वाटते. ती कमी ऐकली जातात, हा भाग अलाहिदा.

सहा तारा

धागाकर्ते, तुम्ही आता निर्मात्याच्या खुर्चीत बसला आहात. दमलेल्या गळ्याने गायलेला तो स्फोट तिने स्वतः निवडला. तिच्या वतीने हळू गाणी निवडणारे आपण कोण?

आणखी एक शंका विचारतो. गायक-गीतकार कॉनर ओबर्स्टने १९९३ मध्ये, तेराव्या वर्षी, स्वतःची पहिली कॅसेट काढली. त्याच्याबद्दल ‘अद्भुत बालप्रतिभा’ असे कौतुकाने लिहिले जाते. मुलगी अठराव्या वर्षी तेच करते, तेव्हा लगेच तिच्या पालकाच्या भूमिकेत शिरावेसे का वाटते? १९९९ चा जन्म हा उल्लेख तिच्या जवळजवळ प्रत्येक परीक्षणात सापडेल. तुमच्या धाग्याचीही सुरुवात तिथूनच झाली.

कडेचा श्रोता (धागाकर्ता)

शेवटचे वाक्य लागले, आणि ते योग्य जागी लागले. जन्मवर्षाने सुरुवात करायला नको होती.

पण ओबर्स्टचे उदाहरण तुमच्याइतकेच माझ्याही उपयोगाचे आहे. ती कॅसेट ओमाहा या त्याच्या गावातल्या, घरच्या आणि मित्रांच्या लेबलवर निघाली, तेच लेबल पुढे ‘सॅडल क्रीक’ झाले. तेरा वर्षांच्या त्या मुलाला लगेच देशभर दौऱ्यावर कोणी पाठवले नव्हते. ‘हॅबिट’ आणि ‘सिस्टर पॉलिगॉन’ हे जॉर्डनचे ओमाहा होते. ते अवघे वर्षभर टिकले, एवढेच मला म्हणायचे होते आणि मी ते वयाच्या भाषेत म्हणून बसलो. शीर्षकातला ‘घाई’ हा शब्द मागे घेत नाही. ‘हिशेबनीस’ यांनी मांडलेल्या गणितानंतर तो करारावरून काढून दौऱ्यांच्या वेळापत्रकाला लावतो. करार झाला नसता तर ‘स्टिक’चे दुसरे मुद्रण झाले नसते, आणि ते मला पहिल्यापेक्षा जास्त आवडते.