फाशांचा टॉवर मध्येच अडकतोय, मदत हवी आहे

पंचगंगाकाठ: रविवारी पोरं याट्झी (पाच फाशांचा खेळ) खेळायला येणार आणि घरी केलेला टॉवर, म्हणजे वरनं टाकलेले फासे आत लोळवत खाली सोडणारं उभं खोकं, बोंबललाय. वरनं पाच फासे टाकले की तीनच खाली येतात. कधी दोन. मग उलटा करून आपटायचा. सगळा खर्च ४० रुपये, त्यामुळं विकतचा घे असं कुणी सांगू नका. काय चुकलंय?

चहाबिस्कुट: कशाचा केलायस? आत पट्ट्या किती? फोटो तरी टाक भावा.

पंचगंगाकाठ: बुटाच्या खोक्याचा. पट्ट्या तीन, आलटून-पालटून तिरक्या. मोबाईल बायकोकडं आहे.

राजारामपुरीची मावशी: टॉवर कशाला बाळा? सुभाषनगरातनं चपलांच्या कातड्याचा उरलेला तुकडा आण. वीतभर चौकोन काप, चारी कोपऱ्यांना टिचबटणं लाव. बटणं लावली की कडा उभ्या, फासे टाकायला तबक तयार; काढली की सपाट. आवाज नाही, खालचे भांडायला येत नाहीत.

तिरकस: कातडं भिजलं की वास मारतं. पुठ्ठ्यावर जुनी जीन्स चिकटवा, झालं काम.

राजारामपुरीची मावशी: तुम्ही पावसात बसून खेळता काय ओ?

खडेमीठ: आधी फासे तपासा. ग्लासात पाणी घेऊन फासा तरंगेपर्यंत मीठ विरघळवायचं आणि टिचकी मारायची. दर वेळी तोच आकडा वर आला तर फासा एकीकडं जड.

पंचगंगाकाठ: अहो, माझे अडकायलेत, तरंगायचं कुठलं काढलं?

चहाबिस्कुट: फासा केवढा? आणि पट्टीच्या टोकापासून समोरच्या भिंतीपर्यंत जागा किती सोडलीस?

पंचगंगाकाठ: फासा १६ मिमी, जागा २०. मोजून सोडलीय. ४ मिमी जादाच आहे की.

चहाबिस्कुट: तिथंच घोळ आहे. तू बाजू मोजलीस. फासा काय सरळ उतरतोय? लोळत येतोय. १६ च्या फाशाचा या कोपऱ्यापासून पार समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण जवळपास २८ मिमी भरतो. २० मध्ये तिरका शिरला की पाचर बसणारच. ४० तरी ठेव.

तिरकस: एकेक फासा टाकला तर?

चहाबिस्कुट: मग टॉवर कशाला, हातानंच टाका की.

पंचगंगाकाठ: ब्लेडनं पट्ट्या कापल्या. दहा वेळा टाकले, दहाही वेळा पाचच्या पाच खाली! आता मात्र सुसाट बाहेर येऊन दिवाणाखाली जायलेत. मावशी, ते कातडं केवढ्याला मिळालं?