वचननाम्याचा जाब विचारायचा कुणाला?

मंगळवार पेठकर:
परवा मांडणी आवरताना लोणच्याच्या बरणीखाली अंथरलेला कागद निघाला. 2015 च्या कोल्हापूर महापालिका निवडणुकीतला आमच्या प्रभागातल्या उमेदवाराचा वचननामा. तेलाचा गोल डाग बरोबर साहेबांच्या कपाळावर. पहिलंच वचन, ‘चोवीस तास पाणी’. मी हे वाचतोय तेव्हा पहाटेचे साडेपाच, नळाला करंगळीएवढी धार, आणि बायको म्हणते, वाचत काय बसलाय, बादली सरकवा.

साहेब तेव्हा निवडून आले. नोव्हेंबर 2020 ला सभागृहाची मुदत संपली, पुढं पाच वर्षं प्रशासकच. जानेवारी 2026 ला निवडणूक लागली तसे परत दारात. कागद पुढं केला तर म्हणाले, “काका, ते काम वरच्या पातळीवरचं हो.” मग खालच्या पातळीवर छापलं कशाला? माझ्या मते दोष सरळसरळ त्यांचा. तुम्ही बोला.

पुईखडी:
काका, रागावू नका, पण नगरसेवकाच्या हातात गटार, दिवा आणि फार तर बोळातलं काँक्रीट. पाण्याचं गणित वेगळं. धरणातनं शहराला पाणी आणायच्या थेट पाइपलाइनच्या कामावर मी ठेकेदाराकडं होतो. काळम्मावाडी धरणापासून पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पन्नासेक किलोमीटर लाइन. मधे वनखात्याची जमीन, रस्ते, कॅनॉल, लोकांची शेतं. प्रत्येकाची परवानगी वेगळी, प्रत्येकाचा साहेब वेगळा. पाइप बांधावर इतके दिवस पडून होते की एका पाइपात कुत्री व्याली, पिल्लं मोठी होऊन गेली तरी पाइप जाग्यावर. 2013 ला मंजुरी आणि पाणी आलं नोव्हेंबर 2023 ला. यात एका माणसाच्या नावानं शिमगा करून काय होणार?

बिंदू चौक:
पुईखडी भावा, तूच आमची बाजू मांडलीस की! काँग्रेसचे सतेज पाटील म्हणाले होते, लाइन आणून त्या पाण्यानं अंघोळ करीन. मधली सगळी वर्षं गावानं विचारून विचारून पिसं काढली, “अंघोळ कधी?” 2023 च्या दिवाळीत केली एकदाची. दोष दिला नसता, टोमणे मारले नसते, तर ते पाइप अजून कुत्र्यांकडंच असते.

शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलचंही तेच. त्यात तर कुणाचं वचन नव्हतं, उलट करार होता, रस्ते झाले होते, नाके बसले होते. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या मागं लोक रस्त्यावर उतरले आणि शेवटी टोल गेला. सही केलेला करार लोकांनी मोडायला लावला, तर तोंडानं दिलेला शब्द पाळायला लावता येत नाही होय?

उचगावकडचा:
शहरवाल्यांनो, आमची गावं शहरात घ्यायच्या त्या हद्दवाढीवर जरा बोला. 1972 ला महापालिका झाली, तेव्हापासून हद्द हलली नाही म्हणून तुम्ही रडता. प्रत्येक निवडणुकीत शब्द मिळतो आणि मोडतो. आता आमच्याकडचं ऐका. आमच्या गावच्या सभेत तोच नेता सांगतो, “तुमच्या इच्छेविरुद्ध एक गाव जाणार नाही.” कोल्हापूर दक्षिण मतदारसंघात शहरातले प्रभाग पण आहेत आणि गावं पण. म्हणजे तुमच्याकडं मोडलेलं वचन आमच्याकडं पाळलेलं असतं. घरफाळा वाढणार, पाण्याची बोंब तुमच्यासारखीच होणार, मग आम्ही का यावं? मी त्याला दोष देणार नाही, मी त्याला मत देणार.

मंगळवार पेठकर:
उचगावकर, पटलं नाही तरी आवडलं. पण मग दोष दुप्पट झाला की ओ. एकाच तोंडानं दोन गावांत दोन शब्द.

कोर्ट कचेरी:
कायद्याचं सांगते. जाहीरनामा हा करार नाही, तो पाळला नाही म्हणून कोर्टात दाद मिळत नाही. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की जाहीरनाम्यातली आश्वासनं लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या ‘भ्रष्ट आचरणा’त बसत नाहीत. त्यानंतर निवडणूक आयोगानं आचारसंहितेत भर घातली: आश्वासनामागचा तर्क सांगा, पैसा कुठून आणणार तेही ढोबळमानानं सांगा. काकांच्या तेलकट कागदावर पैशाची ओळ आहे का? नसणारच. मी दोष तिथं देईन. काम अडलं हे समजू शकते. पण ते अडणार आहे हे छापतानाच ठाऊक असतं.

आणि श्रेयाचं बघा. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच व्हावं म्हणून सहा जिल्ह्यांतले वकील कित्येक वर्षं भांडले, उपोषणं केली, कामकाज बंद ठेवलं. ऑगस्ट 2025 ला बेंच सुरू झालं आणि रातोरात चौकाचौकात अभिनंदनाचे फलक, ज्याचा त्याचा फोटो मोठा. श्रेय घेताना “वरच्या पातळीवरचं काम” कुणाला आठवलं नाही.

भिशीवाली वहिनी:
मला लाडक्या बहिणीचे महिन्याला 1500 येतात. 2024 च्या विधानसभेला सत्तेतले 2100 म्हणाले होते, समोरचे तर 3000 म्हणत होते. 2100 झाले नाहीत, खरं आहे. पण माझी भिशी त्याच्यावर चालते, पोराच्या क्लासची फी त्यातूनच. वरच्या 600 साठी मी बोटं मोडत बसणार नाही.

बिंदू चौक:
वहिनी, बोटं मोडू नका, पण विचारा तर. 600 गुणिले 12 करून बघा, 7200 होतात वर्षाला.

भिशीवाली वहिनी:
हिशोब मला येतो भाऊजी, भिशी मीच चालवते. तुमच्या गल्लीत प्रचारात तांबड्या-पांढऱ्याच्या पंगती उठत होत्या, तेव्हा कुणी कुणाला विचारलं? ताट पुढं ओढताना वचननामा कुठं ठेवला होता?

पुईखडी:
वहिनींनी फोडणी दिली.

मंगळवार पेठकर:
वहिनी, एका पंगतीला मीही होतो, खोटं कशाला बोलू. रस्सा चांगला होता. पण जेवलो म्हणून विचारायचा हक्क गेला, हे मला मान्य नाही. आणि ज्यानं वाढलं तो काय साव?

यावेळचा वचननामाही आलाय. कागद गुळगुळीत, फोटो तरुणपणचा, पहिली ओळ तीच. हा बरणीखाली घातलेला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजवर ठेवलाय, वर बॉलपेननं तारीख टाकलीय.

पुईखडी:
तारीख टाकली ते बरं केलं काका. बाकी, लाइनवर दुरुस्ती निघालीय म्हणे, उद्या पाणी येणार नाही. आज जादा भरून ठेवा.