‘रणजीचा इतिहास म्हणजे मुंबईचा इतिहास’? मग बाकीचे काय चेंडू आणून द्यायला होते?

जामठेकर
परवा इथे एका मुंबईकराने रणजी करंडकाबद्दल, म्हणजे भारतातल्या राज्या-राज्यांच्या संघांच्या क्रिकेट स्पर्धेबद्दल, ठणकावून लिहिलं, ‘रणजीचा इतिहास म्हणजे मुंबईचा इतिहास. ४२ वेळा जिंकलोय, बाकी सगळे पाहुणे कलाकार.’ दोन दिवस गप्प बसलो. आता नाही राहवत बाप्पा.

४२ मान्य. १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ वेळा, तेही मान्य. पण १९३४ च्या नोव्हेंबरात पहिला सामना झाला तो मद्रास आणि म्हैसूरचा, चेपॉकवर, आणि एका दिवसात आटोपलाही. चाळीसच्या दशकात दरारा होता तो इंदूर संस्थानच्या होळकर संघाचा. म्हैसूरविरुद्ध एकाच डावात सहा शतकं! त्यांचे कर्णधार सी. के. नायडू, जन्म नागपूरचा. आणि आमचा विदर्भ? साठ वर्षं मार खाल्ला. मग २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. मध्ये एक वर्ष स्पर्धाच झाली नाही, म्हणजे सात मोसमांत तीन. मुंबईचं त्या काळात एक. हिशेब तुम्हीच करा.

कट्टेकरी
ती पोस्ट माझीच, आणि एक शब्द मागे घेत नाही. ते ‘एक’ कोणाला हरवून मिळालं, हे बरं गाळलंत? मार्च २०२४, वानखेडे, समोर विदर्भच.

आणि विदर्भ जिंकला म्हणजे नक्की कोण जिंकलं हो? पहिल्या दोन वेळा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, आमचे. फलंदाजीत वासिम जाफर, तोही आमचा. तिसऱ्या वेळी अंतिम सामन्यात शतक करुण नायरचं, तो कर्नाटकचा. पाहुणे कलाकार म्हटलं तर राग येतो, पण नाटकच पाहुण्यांच्या जिवावर चाललंय.

जामठेकर
दिल्लीविरुद्धच्या फायनलमध्ये आमच्या गुरबानीची हॅटट्रिक झाली तो काय दादरहून लोकलने आला होता? आमच्याच हर्ष दुबेने एका मोसमात ६९ बळी घेतले, स्पर्धेचा विक्रम, तो काऊन विसरता? आणि जाफर पहिल्या विजेतेपदाच्या वर्षी बिनपैशाने खेळला. आदल्या मोसमात दुखापतीमुळे बाहेर बसून मानधन घेतलं, त्याची परतफेड म्हणून. तुमच्याच माणसाने दाखवलेला मोठेपणा तुम्हाला दिसत नाही.

पेठेतला
चालू द्या. दोघांच्या भांडणात, मुंबई आणि विदर्भ सोडून, महाराष्ट्र नावाचाही एक वेगळा संघ आहे, हे कोणाच्या लक्षात असण्याचं कारण नाही.

१९३९-४० आणि १९४०-४१, सलग दोनदा. कर्णधार प्रा. देवधर. संस्कृत शिकवणारा माणूस, पन्नाशीला टेकलेला, आणि मुंबईविरुद्ध २४६. पण त्यानंतर आम्ही झाकोळलो ते पश्चिम विभागामुळे. विभागातून एकच संघ पुढे जायचा आणि विभागात मुंबई. म्हणजे उरलेल्यांनी डबे धुवायचे. तुमच्या पंधरातली निम्मी त्या नियमाची आहेत.

कट्टेकरी
वा! मग नियम बदलला तेव्हा काय दिवे लावले? १९७०-७१ ला विभागातून दोन संघ गेले, अंतिम सामना झाला तो आपलाच. आमचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडिजमध्ये. सुधीर नाईकच्या हाताखाली उरलीसुरली पोरं. तरी जिंकलो. ह्याला नियम नाही, खडूसपणा म्हणतात. भर पावसात कांगा लीगच्या चिखलात खेळल्याशिवाय तो येत नाही.

पेठेतला
उरलीसुरली म्हणे. हा माज आहे ना, ह्याच्यामुळेच ४२ आकडा असूनही कोणाला कौतुक वाटत नाही.

आणि इतिहास विजेतेपदांनीच मोजायचा असेल तर भाऊसाहेब निंबाळकरांचं काय करायचं? डिसेंबर १९४८, पूना क्लब. काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या जागतिक विक्रमी ४५२ ला फक्त ९ धावा कमी. आणि मध्यंतरात काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, संघ घेऊन चालू पडले. सामना सोडला! माझे आजोबा मैदानात होते. ते सांगायचे, लोक मध्यंतरानंतर जागा पकडून बसले आणि आत कोणी येईचना. आजही रणजीतली सर्वोच्च खेळी तीच.

नॉनस्ट्रायकर
नेहमीचं रडगाणं. काठेवाड सगळे बाद २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६. डाव घोषित का नाही केला? सामना जिंकायचा होता की एका माणसाचा विक्रम करायचा होता? मी ठाकूरसाहेब असतो तर जरा आधीच निघालो असतो.

पेठेतला
आपण ठाकूरसाहेब नाही आहात हे उपकारच आहेत. समोरचा माणूस जागतिक विक्रमाच्या दारात उभा आहे आणि तुम्ही बॅगा भरता? ह्याला खिलाडूवृत्ती म्हणतात? आणि बदल्यात त्या माणसाला काय मिळालं? एकही कसोटी नाही.

जामठेकर
ह्या मुद्द्यावर पेठेतल्यांशी पूर्ण सहमत. लिहिताना हात थरथरतोय, पण सहमत. मात्र एक सांगा, हेच निंबाळकर पुढे कोणाकडून खेळले? होळकरकडून. विजय हजारे जन्माने सांगलीचे, महाराष्ट्राकडून त्रिशतक, मग गेले बडोद्याला. गुल महंमदबरोबर ५७७ ची भागी केली ती बडोद्यासाठी. मग ते ‘पाहुणे’ नव्हते का? तेव्हा संस्थानिकांनी नेलं तर कौतुक, आम्ही जाफरला बोलावलं तर भाडोत्री?

कट्टेकरी
...हा मुद्दा आहे. नागपूरकडून आलाय म्हणून दोनदा तपासला.

ओव्हर-थ्रो
तुम्ही १९४८ वर भांडताय. माझा भाचा डावखुरा फिरकी टाकतो. एका जिल्ह्याच्या निवड चाचणीला रांगेत चार तास उभा, चेंडू टाकायला मिळाले तीन. तिसऱ्यावर झेल सुटला. वहीत नाव लिहिणारा माणूस फोनवर. त्याच्यासारखेच डावखुरे फिरकी टाकणारे राजिंदर गोयल, रणजीत ६३७ बळी घेतले, कसोटी शून्य. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी, तीच डावखुरी फिरकी, १९७२-७३ च्या फायनलमध्ये तमिळनाडूला १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ असं कापलं, कसोटी शून्य. खरा इतिहास हा आहे.

नॉनस्ट्रायकर
तेव्हा भारताच्या संघात डावखुऱ्या फिरकीला बिशनसिंग बेदी होते हो. बेदी असताना दोघांना कुठे बसवणार होतात?

ओव्हर-थ्रो
भाच्याच्या चाचणीला बेदी नव्हते.

कट्टेकरी
शिवलकरांबद्दल बोललात तिथे मी गप्प. बाकी ऐका. मे १९९१, मी नववीत, वडिलांबरोबर वानखेडेवर. हरियाणाविरुद्ध ३५५ हव्या होत्या. सचिन ९६ वर गेला. वेंगसरकर १३९ नाबाद, पायात गोळे आलेले, लालचंद राजपूत रनर. शेवटी कुरुविला धावबाद आणि आम्ही २ धावांनी हरलो. वेंगसरकर मैदानातच रडले. वडील घरी येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, चर्चगेटला माझं तिकीट काढायलाही विसरले. तर त्या दिवशीचा इतिहास कपिलच्या हरियाणाचा होता, एवढं लिहून देतो. एक दिवस. उरलेले आमचे.

जामठेकर
एक दिवस हरियाणाला, तीन मोसम आम्हाला, १९७३-७४ ला तुमची मालिका तोडली ते वर्ष कर्नाटकाला. हळूहळू वाटणी होतेय.

नॉनस्ट्रायकर
सगळं झालं, आता एक दुरुस्ती. पेठेतले, ९ धावांनी बरोबरी झाली असती. विक्रमाला १० लागत होत्या.

पेठेतला
मी ‘४५२ ला ९ कमी’ असंच लिहिलंय. वर जाऊन वाचा.

नॉनस्ट्रायकर
वाचलं. ठीक. तरी डाव घोषित करायलाच हवा होता.