मानेचा शॉकवेव्ह : आधी दाब विचारा

शॉकवेव्ह म्हणजे दुखऱ्या स्नायूवर मशीनने दाबाचे ठोके देण्याचा उपचार. मानेसाठी तो घेताना दुसऱ्या सेशननंतर दुखणं वाढलं म्हणून उपचार सोडायची घाई नको. एक-दोन दिवस ठणकतंच. पण मशीनवर दाब किती ठेवला होता, ते विचारा. रेडियल मशीनवर (हवेच्या दाबाने ठोके देणारं) ट्रॅपीझियससाठी, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतच्या स्नायूसाठी, साधारण दीड-दोन बारपासून (बार हे दाबाचं एकक) सुरुवात करून सोसेल तसा वाढवतात. एका वेळी १५०० ते २००० ठोके, आठवड्यातून एकदा, तीन ते पाच वेळा. पहिल्याच दिवशी तीन बार लावला तर काळंनिळं पडू शकतं! जेल कमी असलं तर जोर कातडीवरच जातो. मणक्यावर किंवा फुप्फुसाच्या दिशेने ठोके नकोत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधीच सांगा. हाताला मुंग्या येत असतील तर मात्र थांबा, आधी ऑर्थोपेडिककडून मान तपासून घ्या. आणि लोकलमध्ये लॅपटॉपची बॅग एकाच खांद्याला अडकवत असाल तर ते तेवढं बंद करा.