मदत हवी आहे : थर्मोग्राफी पुन्हा पुन्हा करण्याबाबत

जानेवारीत जळगावातील एका शिबिरात माझ्या मोठ्या बहिणीची स्तनांची थर्मोग्राफी (स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने चित्र काढणे) झाली, आणि ती दर काही महिन्यांनी करून चित्रे ताडून पाहावीत, असे तिला सांगण्यात आले आहे. हा कॅमेरा त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमानच टिपतो. मग मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, घामाघूम होऊन रिक्षातून उतरलेल्या बाईला थंड खोलीत थोडा वेळ न बसवताच काढलेले चित्र जानेवारीच्या चित्राशी जुळवण्यात कितपत अर्थ आहे? थर्मोग्राफी हा मॅमोग्राफीला (स्तन दाबून काढल्या जाणाऱ्या एक्स-रेला) पर्याय नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बजावले आहे; तरी दाबामुळे दुखेल म्हणून ताई मॅमोग्राफी टाळते, याचीच मला जास्त काळजी वाटते. रेडिओलॉजीतील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.