घरच्यांचा कॉम्प्युटर रीसेट झाला: काय परत मिळालं, काय गेलं? (सांगली-मिरजेकडचे अनुभव)

विश्रामबाग, सांगली

सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत होता. निवृत्त झाल्यापासून आण्णांचा तोच उद्योग. कोकणातल्या भाऊबंदांना पत्रं घालायची, जुने फोटो स्कॅन करायचे, कुणाचं लग्न कुठल्या साली झालं यावरून फोनवर वाद घालायचे. दिवाळीच्या सुट्टीत नणंदेचा मुलगा आला. "आजोबा, मशीन लई स्लो झालंय" म्हणाला आणि आण्णा फिरायला गेले असताना त्यानं रीसेट मारला, म्हणजे विंडोज पहिल्यासारखं कोरं करून घेतलं. तिथं 'फाइल्स ठेवा' आणि 'सगळं काढून टाका' असे दोन पर्याय येतात. यानं दुसरा दाबला. आजोबांना सरप्राइज द्यायचं होतं, ते मिळालं.

हार्डडिस्क जुन्या पद्धतीची होती म्हणून फोटोरेक या पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या फुकट प्रोग्रॅमनं बरंच काही बाहेर काढलं. पण फाइलींची नावं नाहीत, फोल्डर नाहीत, वेबसाइटवरची चिल्लीपिल्ली चित्रंसुद्धा त्यातच मिसळलेली. पणजीचा फोटो आणि सिलिंडर बुकिंगचं चिन्ह शेजारी शेजारी. लिहिलेला मजकूर मात्र डिस्कवर नाही, मेलमध्ये सापडला. एक जुना खर्डा छापखान्याला खर्चाच्या अंदाजासाठी पाठवला होता, तो 'सेंट'मध्ये तसाच पडून होता. त्यानंतरची भर आण्णांच्या वह्यांवरून भाचा स्वतः टाइप करतोय. आण्णांनी शिक्षाच तशी ठेवली आहे.

तुमच्याकडे असं झालं असेल तर लिहा. बॅकअप घ्यायला हवा होता हे आम्हाला माहीत आहे. ते सोडून, खरं काय घडलं ते सांगा.

मिरज

माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. हॉस्पिटलांच्या गावात असल्यामुळे 'पेशंट' हाच शब्द तोंडात येतो. पेशंट आला की मी पहिलं विचारतो, "रीसेटनंतर काय काय केलं?" उत्तर ठरलेलं: "काही नाही हो." मग हळूहळू कळतं की विंडोजचे सगळे अपडेट घेतले, ऑफिस टाकलं, पोरानं गेम उतरवला आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड केलं.

जुन्या फिरत्या हार्डडिस्कमध्ये फाइल डिलीट झाली की लगेच पुसली जात नाही. जागा रिकामी आहे एवढीच नोंद होते. वर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत मूळ माल खाली असतो. म्हणून मशीन बंद करायचं, डिस्क काढायची, केबलनं दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची. आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्यायची आणि शोधाशोध त्या इमेजवर करायची. सापडलेलं तिसरीकडे ठेवायचं. डिस्क खडखडत असेल तर यातलं काहीच घरी करू नका, सरळ लॅब गाठा.

एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली नवी डिस्क, असली तर माझा चेहरा पडतो. तिच्यात ट्रिम नावाची सोय असते. डिलीट झालेली जागा मोकळी झाल्याचं विंडोज ड्राइव्हला कळवतं आणि ड्राइव्ह ती आतून साफ करून टाकतो. मशीन वेगानं चालावं म्हणून केलेली ही सोय अशा वेळी मुळावर येते. गिऱ्हाईक म्हणतं, "तीन वर्षांपूर्वी तुम्हीच आमच्या मेव्हण्याचं काढून दिलं होतं की." दिलं होतं, पण ती फिरती डिस्क होती.

आणखी एक. "सी फॉर्मॅट मारा, आमचं सगळं डेस्कटॉपवर आहे" असं सांगणारी माणसं आठवड्याला भेटतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, हे सगळं सीमध्येच असतं हो. फॉर्मॅट मारणारा पोरगा हे विचारत नाही, कारण त्याला तेवढ्या वेळात आणखी दोन मशीन उरकायची असतात. राग येतो, पण धंदा त्याच भावात चालतो.

तासगाव

आमचा एसएसडीचाच किस्सा. द्राक्षबागेच्या फवारण्यांचं रजिस्टर माझ्या धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये होतं. कुठल्या प्लॉटवर कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती प्रमाण, काढणीला किती दिवस राहिले, सगळं. निर्यातीचा माल द्यायचा म्हटलं की हे लागतंच. वहिनीनं ऑनलाइन क्लाससाठी लॅपटॉप 'नवा करून घेतला' आणि रजिस्टर गेलं. मिरजेला दाखवलं, कोल्हापूरला दाखवलं, दोन्हीकडं नकार.

मग आम्ही उलट्या बाजूनं निघालो. औषध दुकानाची बिलं होती, त्यावर तारीख आणि औषधाचं नाव. सल्लागारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आज हे मारा" असे मेसेज होते. ट्रॅक्टरवाल्या पोराला मजुरी ज्या दिवशी दिली ती ऑनलाइन गेलेली, म्हणून फवारणीचा दिवस पक्का झाला. रेसिड्यूचा (द्राक्षात औषधाचा अंश किती राहिला त्याचा) रिपोर्ट लॅबनं पुन्हा मेल केला. चार ठिकाणचं जुळवून वही उभी राहिली. भाऊ म्हणतो, आधीच्या एक्सेलपेक्षा ही बरी, कारण आधी तो आठवड्याचं एकदम भरायचा.

वहिनीला कुणी काही बोललं नाही. लॅपटॉप तिच्या माहेरचा होता.

गणपती पेठ, सांगली

आमची हळदीची अडत. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या मशीनवर आमच्या चिरंजीवांनी नवीन विंडोज टाकलं. दिवाणजी सकाळी आले, टॅली उघडायला गेले तर टॅलीच नाही. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. मार्च महिना होता.

नशीब असं की पोरानं सी ड्राइव्ह फॉर्मॅट न करता वरूनच विंडोज टाकलं होतं. असं केलं की जुना संसार 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये जातो. जागा मोकळी करायची म्हणून तो उडवू नका, आणि निवांतही राहू नका. विंडोज तो काही दिवसांनी आपणहून काढून टाकतं, बहुतेक वेळा दहा दिवसांत. आमचा टॅलीचा डेटा फोल्डर त्यातच मिळाला. कंपनीच्या नावानं शोधत बसलात तर सापडणार नाही. आत १०००० असे नुसते नंबरचे फोल्डर असतात, एक नंबर म्हणजे एक कंपनी. नंबरचा पूर्ण फोल्डर उचलायचा, आतल्या सुट्या फाइली नाहीत.

डेटा मिळाला नसता तरी भरलेली जीएसटी रिटर्न पोर्टलवरून उतरवता आली असती, बँकेची स्टेटमेंट मिळाली असती. पण पेटीतली रोख, उचल, हमाली, तोलाई कुठल्या पोर्टलवर असते? आणि जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची असा कायदा आहे, "पोरानं उडवलं" हे उत्तर चालत नाही.

कुपवाड

आमच्याकडे बायकोच्या मशीनवर भावानं रीसेट मारला, डेस्कटॉप कोरा. रडारड झाली. नंतर बघितलं तर नवीन नावानं खातं उघडलं होतं. सी ड्राइव्हमध्ये 'यूजर्स' फोल्डरात तिच्या जुन्या नावाचा फोल्डर जसाच्या तसा. 'फाइल्स ठेवा' निवडलं की फाइली राहतात, वरून टाकलेले प्रोग्रॅम जातात. आधी तिथं बघा, मग रडा.

विटा

वडिलांच्या लॅपटॉपची वेगळीच गंमत. मामानं पुण्यात बसून फोनवरून सूचना दिल्या आणि रीसेट फक्त सीपुरता केला. हुशारीनं केला. पण नंतर डी ड्राइव्ह उघडेना, ४८ आकडी की मागायला लागला. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला लागणारं विंडोजचं कुलूप. आम्ही कधी लावलं नव्हतं, पण बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन इन केलं की हे कुलूप (एनक्रिप्शन) आपोआप सुरू होतं आणि की त्या खात्यात जमा होते. खातं कुणाचं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलानं पटकन एक मेल आयडी काढून दिला होता, पप्पांना तो पाठ असायचं कारणच नव्हतं. बिलाच्या मागं पेनानं लिहिलेला सापडला. पासवर्ड बदलायचा कोड पप्पांच्याच नंबरवर आला म्हणून सुटलो.

त्या खात्यात शिरल्यावर आणखी एक कळलं. डेस्कटॉपवरच्या फाइली वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर, चढत होत्या, फुकटची ५ जीबी भरेपर्यंत. नंतरचं चढलंच नव्हतं. ज्यांच्याकडे तिथूनही डिलीट झालं असेल त्यांनी वनड्राइव्हचं रिसायकल बिन बघा, घरगुती खात्यात ३० दिवस राहतं. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशलाही ३० दिवस.

माधवनगर

डीटीपीचं काम करतो. माझ्या मशीनला हात लावला चुलत्यानं. काकांना काय बोलणार? फाइली सगळ्या पेनड्राइव्हवर होत्या, त्यामुळे मी गार होतो. उघडल्यावर घामाघूम. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दत्त जयंतीचं हँडबिल, सगळीकडे उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं आणि टिंबं. जुनी मराठी कामं श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टात केलेली. या फॉन्टात 'क' हा खरा 'क' नसतो, कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या जागी त्याचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट गेला की चित्र गेलं. आणि नेमकी ती फॉन्ट फाइल नव्या विंडोजवर नव्हती.

मजकूर गेलेला नसतो, एवढं लक्षात ठेवा. तोच फॉन्ट, त्याच कंपनीचा, परत टाकला की सगळं उभं राहतं. दुसऱ्या कंपनीचा टाकून उपयोग नाही, अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात. मला हरभट रोडवरच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे फॉन्ट मिळाले, त्याच्याकडे अजून विंडोज एक्सपीचं मशीन चालू आहे. नंतर महत्त्वाचं तेवढं युनिकोडमध्ये करून घेतलं, त्यात 'क' हा खरा 'क' असतो. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडवतात, प्रूफ वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाला देऊ नका.

गावभाग, सांगली

रीसेट नाही, पण लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आत्याचा कॉम्प्युटर तळमजल्यावर राहिला. पाणी उतरल्यावर दाजींनी तो गच्चीवर उन्हात वाळवला आणि चालू केला. आतल्या चिखलानं डिस्क कायमची गेली. लॅबवाले नंतर म्हणाले, वाळवू नका, चालू तर अजिबात करू नका, ओली आहे तशी पिशवीत बंद करून आणा. आधी कुणी सांगतं का?

पलूस

भाच्यानं माझ्या भावाचा पीसी रीसेट केला, त्यात बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ होते. मिरजेच्या दादांनी लिहिलंय तसं डिस्कवरून काढले. फोटो बहुतेक आले, काही अर्धे करडे. व्हिडिओच्या फाइली आल्या पण चालत नाहीत. दुरुस्त करणारा म्हणतो की फाइलीतली अनुक्रमणिका तुटली आहे. त्याच मॉडेलच्या कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगनं काढलेली एखादी धड क्लिप मिळाली तर तिच्यावरून तो जुळवून बघेल. शूटिंगवाल्यानं धंदा बंद केलाय, कॅमेरा विकून टाकला. विकत घेणारा भिलवडीकडचा आहे एवढंच कळलंय. त्या बाजूला लग्नाचं शूटिंग करणारं कुणी ओळखीचं असेल तर कळवा, एका मिनिटाची क्लिप पुरेल.